सुट्टी वाघाची आणि आपली

नागपूरच्या माणसाकडे पाहुणे केव्हा आणि कशासाठी येतात याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. डिसेंबरात अधिवेशन आणि संत्री, मे महिन्यात लग्नं आणि वाघ. यातल्या पहिल्या तिघांचं आमच्यावाचून अडत नाही. आमदार आमदार निवासात उतरतात, संत्रीवाले बर्डीवरून पेटी उचलून परस्पर गाडीत बसतात, वऱ्हाडी मंडळी लग्नघरी असतात. वाघवाले मात्र थेट घरी येतात आणि चपला काढता काढता विचारतात, "मग, दाखवताय ना वाघ?" मागच्या अंगणात बांधलेला असता तर पाण्याचा तांब्या देण्याआधी दाखवला असता. पण वाघ चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोब्यात, मी प्रतापनगरात, आणि आमच्या दोघांमध्ये दीडेकशे किलोमीटरचा रस्ता आणि ऑनलाइन बुकिंग. पुण्याच्या पाहुण्याला हे पटत नाही. त्याच्या हिशेबाने विदर्भात ऊन असतं आणि उन्हाची भरपाई म्हणून वाघ असतो. ऊन तर त्याने स्टेशनवर पाय ठेवल्या ठेवल्या सोसलेलं असतं.

मे महिनाच का, याला कारण आहे. ताडोब्याचं जंगल साग-बांबूचं, पानगळीचं. होळी झाली की साग उघडा पडतो, दूरवरचं दिसायला लागतं. नाले आटतात, बोड्या आटतात, आणि एरवी जंगलभर पांगलेली जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर यायला लागतात. वाघाला तर उकाडा मुळीच सोसत नाही. तो दुपारच्या दुपार पाण्यात बसून काढतो. नेमक्या याच दिवसांत शाळांना सुट्ट्या. मुलांची सुट्टी आणि वाघाची तहान एकाच महिन्यात यावी, हे कुठल्या खात्याने ठरवून केलं असतं तर इतकं जमलं नसतं.

फक्त उन्हाचं तेवढं आहे. पुण्यात पारा ४० वर गेला की पहिल्या पानावर बातमी येते. चंद्रपुरात मे महिन्यात ४० म्हणजे आभाळ आलंय असं समजतात. ४५ च्या पुढे गेल्यावर लोक त्या विषयावर बोलायला लागतात.

यंदा आत्याकडची मंडळी होती. स्वतः आत्या, तिची मुलगी, जावई आणि नातू. भाऊजींनी म्हणजे जावयांनी तयारी जय्यत केली होती. हिरवी टोपी, हिरवा शर्ट, हिरवी पँट आणि कसल्याशा कंपनीची हिरवी पाण्याची बाटली. ते सोफ्यावर बसले की बाटली दिसेनाशी होई. आत्या नेहमीच्या जांभळ्या नऊवारीत. "वाघाला रंग दिसत नाहीत फारसे," असं नातवाने, म्हणजे माझ्या भाच्याने, सांगून टाकल्यामुळे तिने साडी बदलायला साफ नकार दिला. नागपुरी दुपट्टा मात्र तिने आल्या दिवशीच मागून घेतला आणि कान-नाक-डोकं असं बांधून घेतलं की मला क्षणभर अमरावतीची मावशी आल्याचा भास झाला.

बुकिंगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात रस काहीच नाही. सुट्टीच्या दिवसांतल्या फेऱ्या काही महिने आधीच भरतात, शनिवार-रविवारचे दर चढे असतात, आणि एका जिप्सीत सहा माणसं, वर गाईड आणि ड्रायव्हर. नाव, वय, ओळखपत्र, सगळं आधी भरायचं आणि दारावर मूळ कार्ड दाखवायचं. मोहर्लीच्या दारावर त्या पहाटे आत्याचं आधारकार्ड हातात घेऊन तपासणीचा मुलगा एकदा फोटोकडे आणि एकदा दुपट्ट्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "आजी, जरासं खाली घ्या जी तोंडावरचं." आत्याने खाली घेतलं. त्याने पुन्हा फोटो पाहिला. आधारकार्डावरचा फोटो कोणाच्याच चेहऱ्याशी जुळत नाही हे त्यालाही अनुभवाने माहीत असावं, त्याने सोडलं.

मोहर्लीचं दार सुट्टीत पहाटे बघण्याजोगं असतं. अजून धड उजाडलेलं नाही आणि जिप्सींची रांग लागलेली. प्रत्येकीत सहा डोकी, सहाही गुंडाळलेली. रांगेत चहा, रांगेत टोप्या, वाघाचं तोंड छापलेले टी-शर्ट. ताडोब्याच्या गाभ्यात मोबाइलला बंदी आहे, म्हणून तिथंच सगळ्यांकडून फोन काढून घेतले जातात. हा देखावा मला वाघाइतकाच आवडतो. तान्ह्या बाळाला पहिल्यांदा पाळणाघरात सोडणाऱ्या आयांचे चेहरे मी पाहिलेत. त्यातल्या बऱ्याच जणी या मानाने खंबीर वाटल्या. भाऊजींचा हात पुढे तासभर खिशाकडे जात होता आणि रिकामा परत येत होता.

आणि प्रत्येक जिप्सीत कोणीतरी एकजण उभं राहून पुढे-मागे नजर टाकतं आणि म्हणतं, "काय गर्दी केलीय लोकांनी!" आमच्या जिप्सीत हे काम आत्येबहिणीने केलं. तिचं वाक्य पुरं होतं न होतं तोच पुढच्या जिप्सीतल्या बाईंनी मागे वळून, आमच्याकडे बघत, अक्षरशः तेच वाक्य म्हटलं.

आमच्या वाट्याला गाईड म्हणून एक ताई आल्या होत्या. मोहर्लीजवळच्याच गावच्या. ताडोब्यात बायका गाईडचं काम करतात, आणि माझं निरीक्षण असं की त्या पर्यटकांना जास्त चांगलं ताब्यात ठेवतात. बसल्या बसल्या त्यांनी कायदा सांगितला: "उतरायचं नाही. ओरडायचं नाही. खायचं नाही. वाघ दिसला तर उभं राहायचं, पण सीटवर चढायचं नाही. आन् नाही दिसला तर माझ्यावर रागवायचं नाही जी." शेवटचं कलम कुठल्याही परिपत्रकात नाही, पण अनुभवातून आलेलं आहे.

परिपत्रकातले नियमही तसे नेटके आहेत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन काही महिने थांबवलंच होतं. मग राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनाला, गाडी प्राण्यापासून किमान २० मीटरवर, आणि दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर. मी पाणवठ्यावर रिकामा उभा असताना हिशेब केला. हे अंतर पाळायचं तर वीस जिप्सींची रांग एक किलोमीटर लांब व्हायला हवी. माझ्या डोळ्यांसमोरच्या वीस जिप्सी तेवढ्याच जागेत मावल्या होत्या जेवढ्या जागेत आमच्या कॉलनीत एका डॉक्टरांची मोटार वळते.

आम्ही तिथे पोचलो ते चितळाच्या ओरडण्यावरून. जंगलात याला 'कॉल' म्हणतात. वाघ हलला की चितळ ओरडतं, सांबर ओरडतं, झाडावरचं वानर खोकतं, आणि ते ऐकून ड्रायव्हर इंजिन सुरू करतो. ही जंगलाची व्यवस्था मूळ चितळांनी चितळांसाठी केलेली आहे. आपण ती बरोबर उलट वापरतो. कॉल ऐकला की त्या दिशेला धावणारा प्राणी या जंगलात एकच, आणि तो मोहर्लीच्या दारातून आत येतो.

कॉल नसेल तर दुसरी सोय म्हणजे समोरून येणारी जिप्सी. दोन्ही गाड्या थांबतात. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांकडे बघतात.

"काय आहे?"

"काही नाही."

यावर आपला ड्रायव्हर गाडी वळवतो आणि समोरचा जिथून आला तिकडेच सुसाट निघतो. भाऊजी म्हणाले, "अहो, तो तर काही नाही म्हणाला!" ड्रायव्हर म्हणाला, "खरंच काही नसतं तर तो थांबून पाच मिनिटं बोलला असता जी."

तर पांढरपौनीचा पाणवठा. या पाण्यावर बरीच वर्षं माया नावाच्या वाघिणीचं राज्य होतं. देशातल्या सर्वांत जास्त फोटो निघालेल्या वाघांमध्ये तिचं नाव घेतात. जिप्सींच्या गर्दीतून ती अशी चालत जायची की गर्दीतल्या माणसांना आपण खरंच तिथे आहोत की नाही अशी शंका यावी. २०२३ च्या पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली. पुढे जंगलात सापडलेल्या अवशेषांची डीएनए तपासणी झाली, तेव्हा ती गेल्याचं कळलं. गाईड मंडळी अजून तिच्याबद्दल बोलताना घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं आवाज खाली आणतात. पर्यटक मात्र जातायेता विचारतात, "माया दिसेल का?" बुकिंग केलंय म्हणजे दिसायलाच हवी.

पाणवठ्यावर शंभरेक माणसं गप्प बसायचा प्रयत्न करत होती. शंभर माणसांची कुजबुज ही एकट्या माणसाच्या आरोळीहून बरीच मोठी असते, हे तिथे कळतं. कुठे चिवड्याची पिशवी उघडली जात होती, आपल्याकडच्या पिशव्या उघडताना किती वाजतात! कुठे एक आजोबा नातवाला केनियात काय काय पाहिलं ते सांगत होते. शेजारच्या जिप्सीत दोन फोटोग्राफर होते, त्यांच्या लेन्सा एवढ्या लांब की त्यांना पाणवठ्यापलीकडच्या काठावरची मुंगी टिपायची असेल तर मागे सरकावं लागलं असतं. आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी जिवाच्या आकांताने "शूऽऽऽ!" करत होतं. ताई म्हणाल्या, "बोलण्याने वाघ जात नाही एवढा. या शूने जातो."

गर्दीला खरं रागावलं ते एका टिटवीने. रस्त्याच्या कडेला, उघड्या खडीत, तिची अंडी होती. टिटवी घरटं बांधत नाही. मुरमाच्या रंगाची अंडी मुरमातच घालते आणि कोणाला दिसणार नाहीत या भरवशावर बसते. एका जिप्सीचं मागचं चाक तिथून हातभरावर आलं तशी ती त्या गाडीभोवती घिरट्या घालत ओरडायला लागली. त्या गाडीतली माणसं ओठांवर बोट ठेवून तिलाच गप्प करू लागली. अंडी पाहिली ती आमच्या भाच्याने. त्याने ताईंना दाखवली, ताईंनी त्या ड्रायव्हरला हाक मारली, गाडी पुढे सरकली. टिटवी पुन्हा येऊन बसली. भाचा त्यानंतर पाणवठ्याकडे बघेचना. सगळे पूर्वेला आणि हा एकटा पश्चिमेला तोंड करून.

त्यामुळे वाघीण आली ती त्याला सर्वांत शेवटी दिसली. बांबूतून ती बाहेर आली, काठावर थांबली, आणि मग वळून, पाण्याकडे पाठ करून, मागे मागे सरकत पाण्यात उतरली. वाघ पाण्यात बहुधा असाच उतरतो. चेहऱ्यावर पाणी उडालेलं त्याला खपत नाही म्हणतात. कॅमेऱ्यांचा जो कडकडाट झाला त्यात शेजारचे फोटोग्राफर हळहळले, कारण झाडाची एक फांदी आड येत होती. "जरा डावीकडे," असं त्यातला एकजण चक्क पुटपुटला. हे वाघिणीला उद्देशून होतं. आणखी पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "इकडे बघ ना, इकडे!" सुट्टीत वाघाला बारशातल्या बाळाइतक्याच सूचना मिळतात. आत्या इतका वेळ डुलक्या घेत होती. तिने डोळे उघडले, दुपट्टा नाकाखाली ओढला, पाण्यात बसलेली वाघीण पाहिली, भोवतालच्या वीस गाड्या पाहिल्या आणि म्हणाली, "धड अंघोळही करू देत नाहीत बिचारीला."

थोड्या वेळाने बिचारी उठली आणि रस्त्याला लागली. मग जे सुरू झालं त्याला वरात हाच शब्द आहे. मध्यभागी उत्सवमूर्ती संथ चालीने. पुढे रिव्हर्समध्ये जाणाऱ्या जिप्सी. मागे इंचाइंचाने सरकणाऱ्या जिप्सी. कडेने जागेसाठी रेटारेटी. आणि सगळ्यांच्या अंगावर सारखीच धूळ. नवरदेवाच्या चेहऱ्यावर असतं तसलंच 'कधी एकदा संपतंय' तिच्याही चेहऱ्यावर. एका वळणावर ती बांबूत शिरली आणि वरात जागच्या जागी बरखास्त झाली.

हे सगळं बघताना मला जुन्या शिकारकथा आठवतात. पूर्वी साहेब किंवा संस्थानिक मचाणावर बसायचा आणि गावातली शे-दीडशे माणसं डबे, ढोल बडवत रान हाकायची, तेव्हा कुठे एका माणसाला वाघ दिसायचा. म्हणजे वाघाभोवतीची गर्दी जुनीच आहे. फरक एवढाच की पूर्वी ती रोजंदारीवर यायची, आता पैसे भरून येते. ताडोब्यात शिकारीला १९३५ मध्येच बंदी झाली, १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं. पुढे अंधारी अभयारण्य त्याला जोडून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. आज गाभा ६२५ चौरस किलोमीटरचा. आणि या सगळ्याला नाव कोणाचं? तर तारू नावाच्या एका गावप्रमुखाचं. तो वाघाशी झुंजताना मेला अशी आख्यायिका आहे. त्याचं ठाणं तलावाकाठी आहे, आदिवासी त्याला देव मानतात, पौषात तिथं यात्रा भरते. या जंगलात पहिल्यांदा ज्याला वाघ अगदी जवळून दिसला असा हा माणूस. २० मीटरचा नियम त्याच्या वेळी असता तर बरं झालं असतं.

गर्दीचं हसू कुठे थांबतं हे मात्र ठाऊक असायला हवं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-टू नावाची वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली आणि दोन्ही बाजूंनी आलेल्या जिप्सींनी त्यांची वाट अडवली. त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि ड्रायव्हर निलंबित झाले, दंड झाले. वर्षाचा शेवटचा दिवस होता, सगळ्यांनी त्याचे पैसे भरले होते. गाड्यांत बसलेल्यांपैकी कोणी घरून निघताना वाघिणीला कोंडायचं ठरवून निघालेलं नव्हतं. "अजून थोडं पुढे घ्या ना," एवढंच प्रत्येकाने म्हटलं असणार. ड्रायव्हरला शिक्षा झाली ती योग्यच, पण ते वाक्य म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण आजही तो दिवस आठवून "काय सायटिंग झालं!" असंच सांगत असतील, याची मला खात्री आहे. जिप्सी ड्रायव्हर चालवतो हे खरं, पण ती पुढे ढकलतो मागच्या सीटवरचा माणूस.

आणि या दिवसांत जंगलात आणखी एक गर्दी असते. तिला बुकिंग लागत नाही. मे महिना हा तेंदूपत्त्याचा हंगाम. ताडोब्याभोवतीच्या गावांतली माणसं, जास्त करून बायका, ऊन चढायच्या आत पानं तोडून व्हावीत म्हणून अंधारातच जंगलात जातात. वाकून, झुडपात हात घालून करायचं काम. चंद्रपूर जिल्ह्यात या हंगामात वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात, आणि एखाद्या वर्षी फार जातात. परतीच्या वाटेवर ताईंना आत्येबहिणीने सहज घरचं विचारलं. सासूबाई काय करतात? "पानाला गेली असन आता," ताई म्हणाल्या. मला पुढचं काही वेळ बोलणं ऐकू आलं नाही. एकाच घरातून एकाच पहाटे दोन बायका निघतात; सून वाघ दिसावा म्हणून, सासू वाघ दिसू नये म्हणून. आणि त्या घराला यातलं काहीही विचित्र वाटत नाही.

म्हणून मी गर्दीच्या नावाने बोटं मोडत नाही. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. त्यांच्याशेजारी राहायचा खर्च ज्यांच्यावर पडतो त्यांच्या हातात काहीतरी पडायला हवं, आणि ते सध्या बरंचसं या सहा डोकी गुंडाळलेल्या जिप्सींतूनच पडतं. गाईडचा रोज, जिप्सीचा हप्ता, होम-स्टेचं जेवण. मारुतीने जिप्सी बनवणं केव्हाच बंद केलं; गावातली पोरं जुन्या गाड्यांचे सुटे भाग जमवत त्या जिवंत ठेवतात. शहरातून आलेल्या माणसाने "इथं पर्यटनच बंद केलं पाहिजे" म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीला जागा आहे का विचारायचं, याला मी तरी निसर्गप्रेम म्हणणार नाही.

माझं म्हणणं निराळंच आहे. सुट्टीतही गर्दी जंगलात नसते. गर्दी वाघाभोवती असते. वरात संपल्यावर फाटकाची वेळ व्हायला तासभर होता. बाकी सगळ्या गाड्या कुठल्याशा दुसऱ्या कॉलवर गेल्या. ताईंनी विचारलं, "तिकडं जायचं, की रिकाम्या रस्त्याला नेऊ?" भाऊजींनी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "रिकाम्या." मे महिन्यातला भर सुट्टीचा दिवस, आणि त्या तासाभरात आम्हाला एकही गाडी भेटली नाही. रस्त्याकडेचे जुने दगडी खांब भेटले. गोंड राजांच्या काळात त्यांवरून दोर ओढून घंटा वाजवत, म्हणजे राजा येतोय हे पुढे कळे, असं सांगतात. थोडक्यात तो त्या काळचा कॉल. कांडोळाची पांढरीफेक झाडं भेटली. जामणीचं गाव उठून गेलं तिथे आता कुरण आहे, त्यात रोही उभ्या होत्या. एका नाल्यात कोळसुनांची टोळी बसलेली होती, म्हणजे रानकुत्री. ताईंच्या मते ती दिसणं वाघाहून अवघड. भाच्याने त्यांतल्या एकाला कान हलवताना बराच वेळ पाहिलं. भाऊजींनी घड्याळ पाहिलं.

संध्याकाळी रिसॉर्टच्या जेवणाच्या टेबलांवर "दिसला का?" एवढाच प्रश्न फिरत होता. काय दिसला हे विचारायची तिथे पद्धत नाही. ज्यांना दिसला नव्हता ते वरणभातावर मान घालून जेवत होते. ज्यांना दिसला होता ते पुन्हा पुन्हा वाढून घ्यायला उठत होते, म्हणजे वाटेत कोणीतरी विचारावं. एका गृहस्थांना चार दिसले होते. भाऊजी त्यांच्याकडे बघून गप्पच झाले. सकाळी आपल्याला एक पूर्ण वाघीण अंघोळ करताना दिसली याचा त्यांना विसर पडला. "मामा, कोळसून किती दिसले सांग ना त्यांना," भाचा म्हणाला. मी सांगितले. गृहस्थांनी "अच्छा" म्हटलं आणि पापड घेतला.

वाघाला आपल्याबद्दल काय वाटतं याचा एकच पुरावा मला ठाऊक आहे. २०२४ च्या सुरुवातीला ताडोब्याच्या रामदेगी बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, भानुसखिंडी वाघिणीच्या एका पोराचा व्हिडिओ निघाला होता. पाणवठ्यात कोणीतरी टाकलेली प्लास्टिकची बाटली त्याने तोंडात धरली आणि घेऊन चालता झाला. जगभर तो व्हिडिओ पाहिला गेला. बाटली कोणाची होती ते काही कोणी पुढे येऊन सांगितलं नाही.

आत्या परत जाताना म्हणाली, पुढच्या खेपेला बहिणीला घेऊन येते. तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही चार गोष्टी सांगून ठेवतो. सुट्टीत येणार असाल तर बुकिंग फार आधी करा. जमलं तर मधल्या वारी या, दर कमी असतो. बफरच्या फेऱ्यांना नाक मुरडू नका, वाघाला हद्द वाचता येत नाही. प्लास्टिक आणू नका. गाईडला एकदा तरी "रिकाम्या रस्त्याला न्या" म्हणा. त्यांना ते फार कमी वेळा ऐकायला मिळतं. आधारकार्ड मूळ लागतं. पावसाळ्यात, १ जुलैपासून सप्टेंबर संपेपर्यंत, गाभा बंद असतो. आणि आठवड्यातून एकदा, मंगळवारी, वाघाला सुट्टी असते.